आजोबांची पेटी बोटीवर नेऊ का?

प्रश्न : काका नमस्कार, मी म्हापशाचा, वय २७. पेटी वाजवतो, भजनाला आणि नाटकाच्या साथीला, शिवाय सीझनला हॉटेलात कीबोर्डचे कार्यक्रम असतात. ओळखीतल्या एकाची ३० फुटी शिडाची बोट आहे, तो बाहेरगावी चाललाय आणि म्हणतो ऑक्टोबर ते मे तूच राहा बोटीवर. दिवाडीला बांधलेली म्हादेई ही शिडाची बोट घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून हे डोक्यात आहे. शीड, नांगर सगळं दोन वर्षं शिकलोय. प्रश्न आजोबांच्या पेटीचा आहे. ती मला सोबत हवीय, आजी नको म्हणते. नीट झाकून ठेवली तर टिकेल ना? आणि बोटीवर रियाज होतो का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बाळा, आजीचं ऐक.

मी सहा सीझन बोटीवर काढले, मांडवीत आणि शापोऱ्याच्या खाडीत. माझी पेटी गुरुजींनी दिलेली होती. ती मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर चादर, वर ताडपत्री अशी केबिनमध्ये ठेवली आणि तीच चूक झाली, कारण दमट हवा आतच कोंडली, दिवसा केबिन तापायची, पहाटे गार पडायची आणि प्लास्टिकच्या आतून पाणी सुटायचं. फेब्रुवारीत मंद्रातले दोन सूर उतरले, एक तर बोलेचना. उघडून बघतो तर पितळेच्या सुरांवर हिरवं चढलेलं आणि भात्याच्या चामड्याला बुरशी. समुद्राचं मीठ एकदा बसलं की हवेतली ओल ओढतच राहतं, पुसून वाळवलं तरी रात्री परत दमट. आणि सूर म्हणजे पातळ जीभच की, तिच्या टोकाला जरा जरी थर बसला तरी ती जड होते आणि सूर खाली येतो. कारागिराने खरवडून परत लावून दिली, सुरात आली, पण तिचा तो आवाज काही परत आला नाही. गुरुजी होते तोवर मी त्यांना हे सांगू शकलो नाही.

म्हणून बोटीवर दुसरी साधी पेटी ने, जी गेली तर रडू येणार नाही अशी. ती केबिनमध्येच, पण न गुंडाळता वारं लागेल अशी ठेव, रोज वाजव, आणि फक्त किनाऱ्यावर नेताना बंद पिशवीत घाल. तबला मात्र विसर, ओल्या हवेत पुडीचं कातडं सैल पडतं आणि ठोकून ठोकून हात दुखतात.

कीबोर्डचं बरं असतं. १०० वॅटचं सोलर पॅनल गोव्याच्या उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-अवर देतं, त्यात कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, दिवे आणि छोटा पंखा आरामात चालतो. फ्रीजच्या नादी लागलास तर पुरायचं नाही.

सगळ्यात जास्त वाद्यं मोडतात ती बोटीवर नाही, बोट ते धक्का या छोट्या होडीच्या फेरीत. कार्यक्रम संपतो रात्री ११ ला, तू दमलेला, आणि ओहोटी जोरात लागलेली असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा तारीख घेतानाच भरती-ओहोटीचा तक्ता बघ, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर कीबोर्ड किनाऱ्यावर ओळखीच्या घरी ठेवून एकटाच परत ये.

रियाज होतो, आणि काय होतो! पहाटे मतलई वारं हलकं असतं, पाणी सपाट, तेव्हा तासभर गळ्याने खर्ज, म्हणजे खालचे सूर लाव. पण आत केबिनमध्ये लाव. बाहेर डेकवर भिंत नाही त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला परत मिळत नाही, माणूस नकळत जोर लावतो, माझा गळा असाच दोन महिने बसला होता. दुपारी समुद्राकडून खारं वारं सुटलं की दोर डोलकाठीवर आपटायला लागतात, मग सुराचं काम सोडून दे, दोर बांध, नांगराची साखळी बघ. खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडलेली असू दे, नाहीतर षड्जावर असताना अर्धं लक्ष नांगराकडे जातं आणि असल्या रियाजाला काही अर्थ नसतो.

कुठे नांगरायचं, कसली परवानगी लागते ते पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसात आधी विचार. मेअखेर बोट पाण्याबाहेर काढायचीच, पावसात इथे थांबायचं नाही. आणि ते तुझ्या सोयीचंच आहे, श्रावणात वास्कोचा सप्ताह, मग चतुर्थीची घराघरातली भजनं, तेव्हा आजोबांची पेटी हातात हवीच ना.

तोवर तिला नुसती बंद ठेवू नको पण. आजीला सांग, आठवड्यातून दोनदा उघडून भाता मारायचा आणि सगळ्या पट्ट्या एकदा दाबायच्या. वाजवता येत नसलं तरी चालतं.