‘रायफल’ या शब्दात पिस्तूल येत नाही

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून छत्तीस वर्षांच्या एका अभियंत्याने पत्र पाठवले आहे. ते गेले आठ महिने एका मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य असून दर रविवारी रेंजवर सरावाला जातात, आणि आता त्यांना स्वतःचे पहिले पिस्तूल घ्यायचे आहे. .२२ घ्यावे, .३२ घ्यावे की ९ मिमी, आणि कशाची काडतुसे परवडतील, असा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. चौदा महिन्यांपूर्वी केलेला परवान्याचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही आणि त्यात एका एजंटाच्या सांगण्यावरून कारण म्हणून ‘स्वसंरक्षण’ लिहिले आहे. क्लबच्या सदस्यांना कायद्याने सूटच असल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. आणि क्लबमधल्या एका मित्राने स्वस्तात दिलेला .२२ च्या पन्नास काडतुसांचा डबा त्यांनी, परवाना आला की उपयोगी पडेल म्हणून, घरच्या कपाटात ठेवला आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांना दहा मीटर एअर पिस्तुलात आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांना पन्नास मीटर रायफलमध्ये पदक मिळाल्यापासून अशा आशयाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात, आणि बहुतेकांत मुख्य प्रश्न पिस्तुलाच्या निवडीचा असतो व खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत दडलेला असतो. परवाना का लागतो, अर्ज कुठे करतात, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगितलेल्या सूटीचा निकाल कायद्यातल्या एका शब्दावर लागतो आणि तो शब्द ‘रायफल’ हा आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ३ उघडा. पहिल्या पोटकलमानुसार परवान्याशिवाय कोणालाही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा मिळवता, बाळगता वा नेता येत नाही. दुसरे पोटकलम एका व्यक्तीने किती अग्निशस्त्रे बाळगावीत याची मर्यादा घालते. ती पूर्वी तीन होती, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोन झाली. तिसरे पोटकलम म्हणते की दुसऱ्या पोटकलमातले काहीही शस्त्रविक्रेत्याला, तसेच केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या, लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफल किंवा एअर रायफल वापरणाऱ्या सदस्याला लागू होणार नाही. तुम्हाला सांगितलेली ‘सूट’ ती हीच. ती पहिल्या पोटकलमातून नव्हे, दुसऱ्यातून आहे. तिने शस्त्रांच्या संख्येची मर्यादा उठते, परवान्याची गरज उठत नाही. आणि तीसुद्धा फक्त रायफलपुरती आहे. हे पोटकलम अर्धे वाचून स्वतःला सूट देणारे लोक मी इतके पाहिले आहेत की आता मी आधी त्यांना ते मोठ्याने वाचायला लावतो.

हाच शब्द पूर्वी कलम १३ च्या तिसऱ्या पोटकलमातही होता, आणि तुमचे खरे दुखणे त्या पोटकलमात आहे. या पोटकलमाचे दोन खंड आहेत. पहिल्या खंडातल्या शस्त्रांसाठी परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याने तो ‘दिला पाहिजे’ अशी भाषा आहे: किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी अग्निशस्त्र; २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी इथे फक्त .२२ ची रायफल किंवा एअर रायफल होती. कलम १४ मधली नकाराची कारणे तिथेही लागू असतातच, पण झुकते माप अर्जदाराकडे आहे. दुसरा खंड बाकी सगळ्या शस्त्रांसाठी आहे आणि त्यात परवाना तेव्हाच मिळतो, जेव्हा अर्जदारापाशी ‘योग्य कारण’ असल्याबद्दल प्राधिकाऱ्याचे समाधान होते. क्लबच्या सदस्याने सरावासाठी मागितलेले पिस्तूल आता पहिल्या खंडात येते, पण ‘स्वसंरक्षणा’साठी मागितले की तेच पिस्तूल या दुसऱ्या खंडात पडते. तुमच्या क्लबमधला शेजारी सरावासाठी शस्त्र मागतो तेव्हा त्याचे सदस्यत्व हाच त्याचा आधार असतो, तुम्ही ‘स्वसंरक्षणा’साठी मागता तेव्हा ते सदस्यत्व तुमच्या उपयोगी पडत नाही. एकाच शस्त्राची दोन कारणे, पण एकाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने बोलतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत तुम्हालाच बोलावे लागते.

आता, जिथे कारण सांगण्याचीच सगळी कसोटी आहे, तिथे तुम्ही खोटे कारण लिहिले आहे. तुम्हाला कोणाची धमकी नाही, तुम्ही रोकड घेऊन फिरत नाही, पोलिसांकडे तुमची एकही तक्रार नाही. मग ठाण्यातून अनुकूल अभिप्राय कशाच्या आधारावर जावा? एजंटाने सांगितले म्हणून लिहिले, असे तुम्ही म्हणता. एजंटाने फी घेतली आणि तो गेला. सही तुमची आहे. समजा उद्या ‘स्वसंरक्षणा’वर परवाना मिळालाही, तरी कलम १७ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली, महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, आणि रेंजवरच्या हजेरीपटात दर रविवारी तुमचे नाव असणे हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो.

चौदा महिन्यांच्या विलंबाबद्दल तुमचा राग मला समजतो. पोलीस अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर प्राधिकारी त्याची वाट न पाहता आदेश काढू शकतो, असे कलम १३(२-अ) च्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, स्पष्ट लिहिले आहे. पण त्या परंतुकात ‘त्याला योग्य वाटल्यास’ हे शब्दही आहेत आणि कचेऱ्या वर्षानुवर्षे त्या शब्दांच्या सावलीत बसून असतात. त्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका हा उपाय आहे. अशी याचिका दाखल व्हायची, बोर्डावर म्हणजे सुनावणीच्या यादीत यायची, सरकारी वकिलांनी सूचना घेण्यासाठी वेळ मागायचा, पुन्हा बोर्डावर यायची, आणि शेवटी न्यायालयाने इतकेच म्हणायचे की अर्जावर अमुक आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्या. या एका ओळीसाठी अशिलांनी वर्ष-वर्ष खर्च केलेले मी पाहिले आहे. तुमच्या बाबतीत ती ओळ मिळून काय होणार? चुकीच्या कारणाच्या अर्जावर लवकर नकार मिळेल, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडला जाईल. म्हणून या विलंबाविरुद्ध भांडू नका. तो तुमच्या पथ्यावर पडला आहे.

निकाल लागण्यापूर्वी तो अर्ज लेखी मागे घ्या आणि पोच घ्या. मग, अजूनही पिस्तूलच हवे असेल तर, लक्ष्यवेधाचा सराव हे खरे कारण लिहून नवा अर्ज करा. त्याला क्लबचे सदस्यत्व, शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, रेंजवरील गुणपत्रिका आणि जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या स्पर्धांतील सहभाग जोडा. आठ महिन्यांच्या हौशी सरावाने प्राधिकाऱ्याचे समाधान होईल की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही; दोन मोसमांच्या गुणपत्रिका असत्या तर अधिक ठामपणे बोललो असतो. अर्ज नाकारला गेल्यास कलम १४(३) खाली कारणांची मागणी करा आणि कलम १८ खालच्या अपिलाची तीस दिवसांची मुदत चुकवू नका. मुदतीनंतर पुरेसे कारण दाखवून अपील दाखल करून घेता येते खरे, पण ‘एजंट बघतो म्हणाला होता’ हे पुरेसे कारण नव्हे.

आता कपाटातल्या डब्याकडे येतो. कलम ३(१) मध्ये ‘अग्निशस्त्र किंवा दारूगोळा’ असे शब्द आहेत. पिस्तूल नसताना नुसती काडतुसे बाळगणे हाही पूर्ण गुन्हा आहे, आणि कलम २५(१-ब)(अ) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. क्लबला मिळालेली काडतुसे रेंजवर, क्लबच्या नोंदीत झाडण्यासाठी असतात, घरी नेण्यासाठी नव्हे. तुमच्या मित्रालाही यातून सुटका नाही, कारण घेणारा हक्कदार आहे की नाही याची खात्री न करता दारूगोळा त्याच्या हवाली करणे हा कलम २९ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात चुकून राहिलेले एखादे काडतूस सापडल्याची प्रकरणे न्यायालयांनी रद्द केली आहेत, हे तुम्ही वाचले असेल. तिथला आधार असा की ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल प्रकरणात १९७२ सालीच तो मुद्दा मांडला आहे. तुम्ही मात्र कोणी दिली, किती दिली आणि कशासाठी ठेवली, हे सगळे स्वतःच्या अक्षरांत लिहून तो दरवाजा आतून लावून घेतला आहे.

यात कलम २१ चा आसरा सरळ मिळत नाही, कारण ते आधी कायदेशीर असलेला ताबा पुढे बेकायदेशीर झाल्यास शस्त्र जमा करण्याबद्दल बोलते आणि तुमचा ताबा पहिल्या दिवसापासूनच बेकायदेशीर आहे. तरीही स्वतःहून जमा करणे आणि झडतीत सापडणे यांत फार अंतर आहे. कलम ३ खालच्या गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि ती विचारात घेतली जाताना तुमचे वागणे कागदावर असेल. काडतुसे कशी जमा करायची, हे तुमच्या तालुक्यातल्या फौजदारी वकिलाने प्रत्यक्ष बसून ठरवायचे आहे. दुरून मी यापुढे जाणार नाही. पण तोवर डबा मोटारसायकलच्या डिकीत घालून मित्राकडे परत नेऊ नका, कारण नेणे हाही त्याच कलमाचा भंग आहे. तो नदीत टाकू नका, शेतात पुरू नका, आणि वकिलाची भेट पुढच्या रविवारवर ढकलू नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ९ मिमीचा विचार सोडून द्या. ते निषिद्ध बोअरमध्ये धरले जाते आणि सामान्य नागरिकाला मिळत नाही. .३२ कायदेशीर आहे, त्याची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर सरकारी कारखान्यांत बनतात, पण ते संरक्षणाचे शस्त्र आहे आणि त्याच्या काडतुसांवर दर रविवारचा सराव परवडत नाही. शिवाय सामान्य परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावरच लिहिलेले असते. ती संख्या सहसा शे-दोनशेच्या घरातली असते आणि साठ नेमांच्या सरावाला ती महिनाभरही पुरत नाही. .२२ हे खऱ्या अर्थाने खेळाचे पिस्तूल आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर प्रकारात सुवर्ण मिळवले ते .२२ वरच. पण सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नसल्यामुळे बाजारातल्या जुन्या परदेशी .२२ पिस्तुलांचे भाव भलतेच चढलेले असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सरावासाठीची वार्षिक मर्यादा .२२ साठी एक हजारावरून पाच हजार काडतुसांवर नेली, परंतु ती पात्र ठरलेल्या नेमबाजांसाठी आहे. क्लबची पावती म्हणजे ती पात्रता नव्हे.

तेव्हा माझे मत असे की पहिले पिस्तूल एअर पिस्तूल घ्यावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे, बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठे नसेल आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. विक्रेता तुमची ओळख आणि पत्ता नोंदवून घेतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा पाच-सहा ज्यूलच भरते. छऱ्यांचा डबा बहुधा पाचशेचा असतो. साठ नेमांच्या पूर्ण सामन्याच्या हिशेबाने त्यात आठ सामने होतात, आणि तो डबा कपाटात ठेवल्याबद्दल कोणी तुमच्या दारात येत नाही. हेच शस्त्र ५.५ मिमीचे घेतलेत तर मात्र पुन्हा परवान्याच्या कक्षेत याल, त्यामुळे दुकानदार ‘जास्त ताकदीचे आहे’ म्हणून दाखवू लागला तर ते परत ठेवा.

खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडून, बोअर आणि अनुक्रमांक लिहिलेल्या पक्क्या बिलावर करा. रेंजवर जाताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र यांसह न्या, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश सणासुदीला आणि मोर्चांच्या काळात निघतच असतात आणि नाक्यावरचा हवालदार पिशवीतले पिस्तूल हवेचे की दारूचे हे ज्यूलमध्ये मोजून पाहत नाही. वापरलेले पिस्तूल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. स्पर्धेच्या नियमांत त्याचे आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षे धरलेले आहे, आणि स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच पिस्तुलांच्या स्वस्ताईचे कारण त्या तारखेतच असते.