गुण तिचे, गुण देणारे तुम्ही

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून हाताने शिवलेल्या वह्या करून विकते आणि आता पूर्ण वेळ हेच करायचं म्हणते. यशस्वी उद्योजकाला लागणाऱ्या १२ गुणांचा तक्ता करून मी तिला प्रत्येकी १० पैकी गुण दिले. १२० पैकी ५१ झाले. बोलणं, आत्मविश्वास, निर्णयक्षमता यांत ती फारच कमी पडते. ग्राहकांचे फोनसुद्धा मलाच घ्यावे लागतात. एकदा शिलाई सैल निघाली म्हणून तिने ४० वह्या परत घेऊन फुकट नव्या करून दिल्या, म्हणून व्यवहारज्ञानाला ३. बेरीज ७० च्या वर गेली तर मी भांडवल देईन, नाहीतर तिने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा. व्यक्तिमत्त्व विकासाचा कोणता कोर्स लावू?

उत्तर : तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. पहिल्यांदा तिचा स्वभाव कळावा म्हणून, दुसऱ्यांदा तुमचा. रकाने तुम्ही आखलेत, गुण तुम्ही दिलेत, बेरीज तुमची आणि पास व्हायची रेषही तुम्हीच ओढलीत. सगळ्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. मला ५१ ची काळजी वाटत नाही. फोनची वाटते.

ती बुजते म्हणून फोन तुम्ही घेता. पण आपला फोन दुसऱ्याने उचलल्यामुळे कुणी धीट झालंय का? ग्राहक घासाघीस करतो, ठरलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी माल मागतो, माप चुकल्याची तक्रार करतो. काय उत्तर द्यायचं ते त्या दोन मिनिटांत ठरवावं लागतं. कधी ठरवलेलं अंगाशी येतं, मग पुढच्या वेळी माणूस वेगळं ठरवतो. निर्णयक्षमता अशीच येते. दोन वर्षं त्या शिकवणीला तुम्ही बसताय आणि परीक्षेला मात्र तिला बसवलंत. (हे लिहिताना मी जरा चिडले आहे, कबूल करते.)

आता तुमचा मोठा गैरसमज. धंदा म्हणजे बोलघेवडं, बिनधास्त माणूस, असं तुमच्या तक्त्यात पानोपानी दिसतं. हाओ झाओ आणि स्कॉट सायबर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये उद्योजक आणि व्यवस्थापक यांच्या स्वभावाची तुलना करणारे २३ अभ्यास एकत्र तपासले. बहिर्मुखतेत दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही. सगळ्यांत ठळक फरक निघाला तो काटेकोरपणात, म्हणजे हातात घेतलेलं काम नेटाने, नीट पार पाडण्यात. शिवाय उद्योजक तणावात कमी डळमळतात आणि इतरांना बरं वाटावं म्हणून कमी नमतात, असंही दिसलं. आणि आत्मविश्वास? कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांच्या १९८८ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या २,९९४ उद्योजकांना त्यांच्या यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्क्यांनी ती १० पैकी ७ किंवा जास्त सांगितली. एक तृतीयांश लोकांनी तर सरळ १० पैकी १०. सुरुवातीला आत्मविश्वास बहुतेकांकडे असतो हो, तुटवडा त्याचा नाही. तुमच्या मुलीला शंका येतात, तर निदान ती आकडेमोड करायला बसेल.

म्हणून त्या ४० वह्यांकडे मी तुमच्यासारखं बघत नाही. सैल शिलाई तिला सहन झाली नाही, हाच तो काटेकोरपणा. पण तुमची शंका सगळीच चुकीची नाही. त्या वह्यांत कागद, दोरा आणि स्वतःचे तास मिळून किती गेले, हे तिने मांडून पाहिलं का? दोरा बदलला, की पुढच्या खेपेलाही तीच शिलाई गेली? नुकसान सोसलं आणि हिशेबच केला नाही, तर तो नुसता चांगुलपणा झाला. हिशेब करून सोसलं असेल, तर ३ खोडून ८ करा.

तुमच्या यादीत एक गुण मी शोधत होते, तो सापडला नाही : न लाजता पैसे मागणं. कागदवाल्याला १५ दिवसांत पैसे द्यायचे आणि ग्राहक देणार ६० व्या दिवशी. मधले ४५ दिवस कुणाच्या खिशातून जाणार? नफ्यातला धंदाही इथे गुदमरतो. वसुलीचा फोन करणं आणि उधारी वाढवणाऱ्याला 'आता माल नाही' म्हणणं जिवावर येतं. बहुतेकांना तिथेच संकोच आडवा येतो, व्यासपीठावर नव्हे. आतापर्यंत वसुलीही तुम्हीच केली असणार, असा माझा अंदाज आहे.

भांडवल ७० गुणांवर ठेवू नका. बक्षिसासारखं दिलेलं भांडवल माणूस बक्षीस देणाऱ्याला खूश ठेवण्यात घालवतो. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीबद्दल मांडणी केली, त्यातला एक मुद्दा घ्या : मिळेल किती, यापेक्षा बुडालं तर झेपेल किती, ते आधी ठरवायचं. तुम्हा दोघांना झेपेल ती रक्कम तिच्या खात्यात टाका आणि सहा महिने हिशेबाची वही बघायला मागू नका. तिला एकदम उडी मारायची गरजही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी नोकरी सांभाळून धंदा करून मग पूर्ण वेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा सोडण्याचा धोका थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

स्पर्धा परीक्षा तिला स्वतःला द्यावीशी वाटली तरच. शिक्षा म्हणून केलेला अभ्यास पार पडत नाही. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांनी केला तरी चालेल, हिशेब लिहायला मात्र आत्ताच शिकू दे.

कोर्स कुठलाच लावू नका. वह्यांच्या मागे तुमचा नंबर छापलेला असेल, तर पुढच्या खेपेपासून तिचा छापा. एखादी ऑर्डर हातची जाईल, जाऊ द्या. आणि पहिला फोन ठेवून ती बाहेर आली की लगेच 'काय म्हणाले?' असं विचारू नका.