दत्तकाचा खर्च आणि जवळची वाट

आदरणीय ताई,

मी ४२ वर्षांची आहे, यजमान ४५ वर्षांचे. आम्ही न्यू जर्सीत नोकरी करतो. दोघेही अमेरिकी नागरिक आहोत आणि दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. मूल व्हावे म्हणून केलेल्या उपचारांत आमची बरीचशी बचत संपली. आता भारतातून एखादे तान्हे बाळ दत्तक घ्यावे असे ठरवले, तर इथल्या संस्थेने ४४,००० डॉलरचे अंदाजपत्रक हाती ठेवले. आमच्याजवळ १८,००० आहेत. उरलेले निवृत्तीच्या खात्यातून काढावेत, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत गावाकडच्या दहा मुलांची शिक्षणे होतील. साताऱ्याच्या नणंदेने वेगळेच सुचवले आहे. तिच्या ओळखीच्या प्रसूतिगृहात एक अविवाहित मुलगी बाळंत व्हायची आहे. दवाखान्याचा खर्च आणि वर पाच लाख रुपये दिले, तर जन्मदाखल्यावर थेट आमचीच नावे लागतील. मला हे पटत नाही, पण विचार डोक्यातून जातही नाही. दोन्हीकडे पैसे मोजूनच मूल आणायचे, तर मग फरक तो काय?

– एक वाचक, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण नणंदबाई उत्तराची वाट पाहत असतील आणि ती मुलगी तर दिवस मोजत असेल. नणंदेला नकार कळवा, आणि तो आजच कळवा. ‘बघू, विचार करून सांगतो’ असे मोघम उत्तर देऊ नका, कारण अशा उत्तराच्या भरवशावर तिकडे कुणीतरी पुढची बोलणी करून बसते.

भारतात बाळ जन्माला येते, आणि त्याला वाढवणे आईला शक्य नसते, तेव्हा तिने बालकल्याण समितीसमोर जावे, तिला समुपदेशन मिळावे आणि मग तिने बाळ सोपवल्याच्या कागदावर सही करावी, अशी बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये तरतूद आहे. त्या सहीनंतरही तिला दोन महिने फेरविचाराची मुभा असते. या दोन महिन्यांत ती परत येऊन ‘माझे बाळ मला द्या’ असे म्हणू शकते, आणि काही आया तशा येतातही. प्रसूतिगृहातल्या व्यवहारात हे दोन महिनेच नाहीसे होतात. एकोणीस-वीस वर्षांची, घरच्यांच्या धाकात असलेली एखादी मुलगी बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी रिकाम्या हातांनी घरी पाठवली जाते, आणि तिला काय हवे होते हे कुठल्याही कागदावर उरत नाही. बाळाच्या जन्मदाखल्यावर तर ती मुळातच नसते. उद्या ते मूल वीस वर्षांचे होऊन ‘मी कुणाचे?’ असे विचारू लागले, तर त्याला दाखवायला तुमच्याजवळ एक खोटा दाखला असेल आणि तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.

कायद्याचे म्हणाल, तर मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. तो तुमच्यावर, नणंदेवर आणि त्या डॉक्टरांवर असा तिघांवरही येऊ शकतो, आणि प्रसूतिगृहातल्या माणसांना तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. शिवाय हे बाळ तुमच्या पोटी जन्मले असे सांगून अमेरिकी पासपोर्ट मागायला गेलात, तर दूतावास गरोदरपणाचे पुरावे आणि वेळप्रसंगी डीएनए चाचणीही मागू शकतो. म्हणजे पाच लाख देऊनही बाळ न्यू जर्सीला पोहोचेल याची शाश्वती नाही. नणंदबाईंना त्या मुलीबद्दल खरोखर कळवळा असेल, तर त्यांनी तिला साताऱ्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता आणि १०९८ हा मदतक्रमांक द्यावा. ती अठरा वर्षांखालील असेल, तर हे प्रकरण पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारकच आहे.

आता तुम्ही विचारलेल्या फरकाकडे येते. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार चालतो, असे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी न्यायालयाला लिहिले. ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले आणि न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या, दत्तकाचे नियम घालून दिले. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, स्थापन झाले. अशा दत्तकाविषयीचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. दत्तकाच्या कामातून कुणालाही गैरवाजवी आर्थिक लाभ होता कामा नये आणि प्रत्यक्ष खर्च व वाजवी व्यावसायिक शुल्क यांपलीकडे काही घेता येणार नाही, असे त्या करारात स्पष्ट लिहिले आहे. या मार्गाने जाणाऱ्या तुमच्या पैशांपैकी एक डॉलरही जन्मदात्या आईला मिळत नाही. ऐकायला ते कठोर वाटते, पण तिचा निर्णय पैशाच्या आमिषावर होऊ नये म्हणूनच ही व्यवस्था तशी ठेवलेली आहे. नियम कागदावर असले तरी ते पाळले जातातच असे नाही. परदेशी पालकांकडून जादा पैसे घेतल्याच्या आरोपांवरून पुण्यातल्याच एका संस्थेचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. म्हणून अंदाजपत्रकाची प्रत्येक ओळ वाचायला शिका.

तुम्ही सोबत जोडलेला कागद मी वाचला. गृहभेट अहवालाचे ३,५००, संस्थेच्या सेवेचे १९,०००, भारतातील देय ५,०००, अर्ज, नोटरी व अपॉस्टिल (परदेशात चालावीत म्हणून कागदपत्रांचे सरकारी प्रमाणीकरण) यांचे २,५००, प्रवासाचे ८,०००, दत्तकानंतरच्या अहवालांचे ३,५०० आणि शेवटी ‘भारतातील संस्थेस देणगी’ म्हणून २,५०० डॉलर.

या शेवटच्या ओळीवर बोट ठेवा. परदेशस्थ पालकांनी भारतातील दत्तक संस्थेला द्यावयाची रक्कम काराच्या नियमांत ठरलेली आहे. ती ५,००० डॉलर असून बालसंगोपन निधीत जमा होते आणि ज्या मुलांना घर मिळालेले नाही अशा मागे राहिलेल्या मुलांवरही खर्च होते. त्याखेरीज दत्तक पालकांकडून देणगी घेण्यास संस्थांना मनाई आहे. तेव्हा २,५०० ची ही ओळ कोणत्या नियमाखाली घातली, असे अमेरिकेतील संस्थेला लेखी विचारा. मान्यताप्राप्त संस्थेने काम हाती घेण्यापूर्वी अपेक्षित खर्चाचा तपशील लेखी द्यावा, असे अमेरिकी नियम सांगतात, त्यामुळे हा प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे आणि त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

१९,००० चा आकडा मात्र मला फुगवलेला वाटत नाही, जरी तो जड आहे. २००४ मध्ये अमेरिकेत सुमारे २३,००० मुले परदेशांतून दत्तक आली. २०२३ मध्ये ही संख्या १,३०० च्याही खाली गेली, आणि २०२४ मध्ये चीनने आपला कार्यक्रम जवळजवळ बंदच केला. संस्थांचा मान्यता टिकवण्याचा, कर्मचाऱ्यांचा आणि कायदेशीर सल्ल्याचा खर्च मात्र तसाच राहिला. तो आता थोड्या कुटुंबांवर वाटला जातो. दुसऱ्या एक-दोन मान्यताप्राप्त संस्थांकडून अंदाजपत्रके मागवून पाहा, पण फार मोठ्या फरकाची अपेक्षा धरू नका. प्रवासात मात्र बचत होऊ शकते. दत्तकाचा आदेश २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, त्याची तारीख आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून बदलता येणारी तिकिटे काढा आणि राहण्याची सोय नातेवाइकांकडे होत असेल तर करा. अहवालांची ओळ टाळता येणार नाही: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल भारतात पाठवावाच लागतो.

यजमानांच्या बेताला मात्र माझा विरोध आहे. निवृत्तीच्या खात्यातून साठीच्या आत मोठी रक्कम काढली, की त्यावर आयकर आणि सहसा वर दहा टक्के दंड बसतो. दत्तकासाठी यातून एक सवलत आहे: आदेश झाल्यानंतर वर्षभराच्या आत प्रत्येक पालकाला ५,००० डॉलरपर्यंत दंडाविना काढता येतात. तुम्ही दोघे मिळून १०,००० झाले. तेवढी सवलत जरूर घ्या, त्यापुढे हात घालू नका. यजमान पन्नाशीला टेकतील तेव्हा मूल शाळेत असेल, आणि म्हाताऱ्या आईवडिलांचा आर्थिक भार त्याच मुलावर पडला, तर आज केलेल्या त्यागाचा त्याला उपयोग काय?

करसवलतीकडे तुम्ही लक्ष दिलेले दिसत नाही. २०२५ या करवर्षासाठी दत्तकाच्या खर्चापोटी एका मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत कर वजा होतो. त्यातील ५,००० पर्यंतचा भाग देय कर तेवढा नसला तरी परत मिळतो आणि उरलेला पुढील पाच वर्षे वापरता येतो. तुमचे एकत्रित उत्पन्न साधारण २,५९,००० डॉलरच्या पुढे असेल, तर ही सवलत कमी होत जाते. परदेशी दत्तकाच्या बाबतीत ती दत्तक पूर्ण झालेल्या वर्षीच मागता येते, म्हणजे पैसे आधी घालावे लागतात. दोघांच्याही कंपन्यांत दत्तकसाहाय्याची योजना आहे का, हेही मनुष्यबळ विभागाला विचारा. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत ती असते आणि कर्मचाऱ्यांना ठाऊक नसते. आणि ४४,००० एकदम द्यायचे नाहीत, हे लक्षात घ्या. गृहभेट, अर्ज आणि संस्थेच्या शुल्काचा पहिला हप्ता तुमच्या १८,००० मधून भागेल. भारतातील देय आणि प्रवास शेवटी येतात, आणि मध्ये बचतीला वेळ मिळतो.

(जे वाचक अजून ग्रीन कार्डावर किंवा नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांनी हा हिशेब स्वतःला तसाच लावू नये. मुलाला या वाटेने अमेरिकेत आणण्याचा आय-८०० अर्ज अमेरिकी नागरिकालाच करता येतो, आणि इतरांना आधी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल.)

आता जी गोष्ट तुमच्या संस्थेने तुम्हाला ठळकपणे सांगायला हवी होती, ती मला सांगावी लागते आहे. तुम्हाला तान्हे बाळ मिळणार नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, आणि तुमची ८७ आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा ९० आहे, चार ते आठसाठी १००. शिवाय कायद्याप्रमाणे मूल आधी भारतातील आणि अनिवासी भारतीय पालकांना दाखवले जाते. साठ दिवसांत घर मिळाले नाही, तरच ते आंतरदेशीय दत्तकासाठी मोकळे होते. तिथे ओसीआय कार्डधारकांना परदेशी पालकांच्या आधी प्राधान्य आहे हे खरे, पण लहान आणि निरोगी बाळासाठी भारतातच पालक तीन वर्षांहून अधिक काळ थांबलेले असतात. साठ दिवसांनंतर वाट पाहत उरतात ती बहुधा पाच वर्षांवरील मुले, एकत्रच जाऊ इच्छिणारी भावंडे आणि काही अपंगत्व किंवा आजार असलेली मुले.

नणंदेच्या प्रस्तावाची ओढही मला वाटते इथूनच आली आहे. तुमच्या मनातले ते बाळ सरळ मार्गाने मिळणार नाही, हे कुठेतरी जाणवले असावे. तेव्हा पैशांच्या आधी हा निर्णय करा: सहा-सात वर्षांचे मूल तुम्हा दोघांना मनापासून हवे आहे का? नको असेल तर तसे स्वतःशी मान्य करा, त्यात लाज नाही. मनाविरुद्ध आणलेल्या मुलाला ते कळते.

हवे असेल, तर अंदाजपत्रकात नसलेली एक ओळ तुम्हीच घाला. संस्थेत वाढलेली मुले कितीतरी महिने उशीखाली पोळी लपवून ठेवतात, कारण उद्याही जेवण मिळेल यावर त्यांचा विश्वास बसलेला नसतो. दार बंद झाले की घाबरतात, किंवा याउलट कुणाही परक्याच्या मांडीवर जाऊन बसतात. ओडिशातून किंवा झारखंडमधून आलेल्या मुलाला तुमची मराठीही कळणार नाही आणि शाळेतली इंग्रजीही. त्या काळात तुमच्यापैकी एकाने घरी असणे आणि दत्तक मुलांचा अनुभव असलेला समुपदेशक हाताशी असणे फार गरजेचे असते. न्यू जर्सीत दत्तक मुलासाठीही बारा आठवड्यांपर्यंत अंशतः पगारी रजा मिळते. ती दोघांनी एकामागून एक घ्या. त्याशिवाय किमान ८,००० ते १०,००० डॉलर या पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येणार नसतील, तर एक वर्ष उशिरा नोंदणी करा, पण ही रक्कम तिकिटांत घालवू नका.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका. दहा मुलांची शिक्षणे हे पुण्याचे काम आहे, आणि जमेल तेव्हा तुम्ही तेही करू शकाल. पण तुम्ही दानधर्म करायला निघालेल्या नाहीत, तुम्हाला आई व्हायचे आहे, आणि हे त्यांना यजमानांनीच समजावून सांगावे. एक गोष्ट मात्र दोघांनी मिळून त्यांच्याकडून कबूल करून घ्या: मूल घरात आल्यावर त्याच्यासमोर किंवा त्याच्या मागे कुणीही खर्चाचा आकडा काढायचा नाही.

या आठवड्यात नणंदेला नकार कळवा, देणगीच्या ओळीबद्दल संस्थेला पत्र पाठवा आणि यजमानांबरोबर मुलाच्या वयाबद्दल नीट बोला. संस्थेचे उत्तर टाळाटाळीचे आले, तर ते पत्र मला पाठवा. काराकडे तक्रार कशी करायची, ते मी सविस्तर लिहीन.