नर कीटक समागमाच्या वेळी मादीला खाऊ का देतात?

मुख्यतः वेळ मिळवण्यासाठी: मादी खाण्यात गुंतलेली असते तोवर नराला जास्त शुक्राणू देता येतात. उत्तर अमेरिकेतल्या हँगिंगफ्लाय या लटकणाऱ्या शिकारी कीटकामध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. नर पुढच्या पायांनी फांदीला लटकतो आणि मारलेली माशी मादीपुढे धरतो. रँडी थॉर्नहिल या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात हे सगळं मोजलं. पहिली साधारण 5 मिनिटं शुक्राणू जातच नाहीत, मग हळूहळू वाढत सुमारे 20 मिनिटांत पुरेसे पोहोचतात. शिकार लहान किंवा बेचव निघाली तर मादी त्याआधीच निघून जाते. उलट शिकार मोठी असली, तर काम झाल्यावर नरच ती हिसकावून घेतो आणि कधी कधी तीच दुसऱ्या मादीला देतो, हे मला फार विलक्षण वाटतं. मादीचाही फायदा असतोच, कारण स्वतः शिकार शोधत उडताना कोळ्याच्या जाळ्यात अडकायचा धोका टळतो.

मात्र हे एकच कारण सगळ्यांना लागू नाही. रानटोळ या नाकतोड्यासारख्या कीटकांचे काही नर शुक्राणूंच्या पिशवीला चिकटलेला जेलीसारखा गोळा स्वतःच्या शरीरातूनच देतात. काही जातींत त्यातलं पोषण अंड्यांपर्यंत पोहोचतं, म्हणजे तिथे ती पिल्लांसाठीची गुंतवणूकही ठरते.