ज्येष्ठांच्या सोबतीसाठी स्वयंसेवक

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना दर आठवड्याला भेटण्याचा उपक्रम आमचे मंडळ सुरू करू इच्छिते. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपला विचार अतिशय स्तुत्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक घोषित केले असून, एकाकीपणाचा आरोग्यावर होणारा परिणाम आता सर्वमान्य आहे. मदतीचे स्वरूप आपण परस्पर ठरवू नये. कोणाला गप्पा हव्या असतात, कोणाला वाचून दाखवणारे, तर कोणाला दवाखान्यात सोबत येणारे कोणी हवे असते, म्हणून आधी त्यांनाच विचारावे. प्रत्येकाकडे शक्यतो एकच स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी जावा, कारण माणसे वरचेवर बदलली की विश्वास बसत नाही आणि वाट पाहूनही कोणी आले नाही, तर ते दुःख मुळातल्या एकटेपणापेक्षाही अधिक बोचते. स्वयंसेवकांची ओळख पडताळून घ्यावी व पहिल्या भेटीस दोघांनी जावे. बँकेचे व्यवहार, पासवर्ड आणि औषधांच्या मात्रेतील बदल यांत स्वयंसेवकाने मुळीच पडू नये. विस्मरण वाढणे, वजन घटणे किंवा वारंवार तोल जाणे असे काही आढळल्यास, शक्यतो ज्येष्ठांच्या संमतीने, कुटुंबीयांना किंवा डॉक्टरांना कळवावे.