वाचकांचे प्रश्न : कोरजुवेंच्या मोहिमेतला शिपाई

प्रश्न : गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीबरोबर हळदोण्यापलीकडच्या कोरजुवें किल्ल्यावर गेले होते. तिथे एका मार्गदर्शकाने सांगितले, की पुरुषवेषात लढणारी एक पोर्तुगीज स्त्री या किल्ल्यावर होती, ती व्हाइसरॉयच्या दरबाराची हेर होती आणि शत्रूने पकडून तिचे कपडे उतरवले तेव्हा गुपित फुटले. यात खरे किती? मुलांना ती ‘गोव्याची वीरांगना’ म्हणून सांगावी का?
— एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : स्त्री खरी आहे. तिचे नाव मारिया उर्सुला द आब्रेउ इ लेंकाश्त्रे. तिचा जन्म १६८२ मध्ये ब्राझीलमधील रियो द जानेरो येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडून तिने लिस्बन गाठले आणि १७०० मध्ये बाल्ताझार दु कोतु कार्दोझु या नावाने सैन्यात भरती होऊन ती भारतात आली. व्हाइसरॉय कायतान द मेलु इ काश्त्रु याने १७०५ च्या सुमारास सावंतवाडीकर खेम सावंतांकडून आमोणेची गढी आणि कोरजुवें व पणेलीची बेटे घेतली, त्या मोहिमेत ‘बाल्ताझार’ लढला. आपण पाहिलेला जांभ्या दगडाचा तो आटोपशीर चौकोनी किल्ला त्या विजयानंतरचा आहे. म्हणजे उर्सुलाचे शौर्य किल्ला राखण्यातले नसून ज्या भूमीवर तो उभा राहिला ती जिंकण्यातले आहे.

कपडे उतरवण्याच्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. कोरजुवेंची मोहीम १७०५ ची आणि तिची सेवामुक्ती १७१४ ची. गुपित रणांगणावर फुटले असते तर पुढची नऊ वर्षे ती त्याच सैन्यात राहून बढत्या घेत बसली नसती. मद्रे दी देउश नावाच्या बुरुजाची जबाबदारी तिच्याकडे होती, हेही इथे लक्षात घ्यावे. नोकरी सोडल्यावर तिने आफोंसु तैशैरा आराइश द मेलु या अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १७१८ मध्ये राजा जुआंव पाचवा याने तिला निर्वाहवेतन मंजूर केले. शत्रूने वस्त्रे फाडल्याचा प्रसंग ऐकणाऱ्याला रुचतो म्हणूनच तो टिकला असावा. शिवाय त्यात स्त्रीने स्वतः काहीच करायचे नसते, सारे तिच्यावर गुदरते.

हेरगिरीचे म्हणाल, तर या कथेत दरबार येतो तो कारस्थानासाठी नव्हे, अर्जासाठी. पोर्तुगीज साम्राज्यात शिपायाने आपल्या सेवेचे दाखले वरिष्ठांकडून जमवायचे, ते अर्जासोबत लिस्बनला पाठवायचे आणि राजाच्या कृपादानाची वाट पाहायची, अशी रीत होती. असे अर्ज समुद्रपार मंडळापुढे जात आणि जहाजांचा प्रवासच सहा-सहा महिन्यांचा असल्याने निकालाला वर्षे लागत. स्त्रीने नाव बदलून राजाचा पगार घेतला, याबद्दल शिक्षा होणेही अशक्य नव्हते. पण रोगराईने माणसे गिळणाऱ्या गोव्यात चौदा वर्षे टिकलेल्या शिपायाला शिक्षा करण्यापेक्षा त्याचे कौतुक करणे राजाला सोयीचे होते.

‘गोव्याची वीरांगना’ हे मात्र मुलांना सांगू नये. ती गोव्यात लढली, हे खरे. पण ती लढली ती पोर्तुगीज राजासाठी, आणि समोर सावंतांची माणसे होती. धाडस धाडसाच्या जागी सांगावे आणि बाजूही स्पष्ट सांगावी. सहावी-सातवीच्या मुलांना एवढे नक्की समजते.

प्रश्न : आमच्या घरी सध्या एक चिनी राजदरबारी मालिका रोज पाहिली जाते. तिच्यातला सेनापती खरे तर स्त्री आहे, आणि हे सम्राटालाही ठाऊक नाही. छावणीत चोवीस तास एकत्र राहून असे लपणे शक्य असते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याला वाटते त्याहून सोपे असते. पेडण्याच्या दशावतारात स्त्रीपार्टी रंगपटात मिशांवरून वस्तरा फिरवताना आपण पाहिलेला असतो, तरी रंगमंचावर तिची राणी झालेली आपण मान्य करतो. छावणीत तर कुणाला शंकाच नसते. त्या काळी भरतीच्या वेळी आजच्यासारखी वैद्यकीय तपासणी नसे, शिपाई अंगावरच्या कपड्यांतच झोपत, अंघोळीचा फारसा प्रश्न येत नसे आणि मिसरूड न फुटलेली पोरे प्रत्येक जहाजावर असत.

खरा धोका जखमेचा. जेम्स ग्रे या नावाने ब्रिटिश नौसैनिक झालेली हॅना स्नेल १७४८ मध्ये पुदुच्चेरीच्या वेढ्यात जखमी झाली. जांघेतली गोळी वैद्यापासून लपवून आपण स्वतःच काढली, असे ती पुढे सांगत असे. तिचेही गुपित कुणी उघडे केले नाही. १७५० मध्ये मायदेशी परतल्यावर तिने स्वतःच सोबत्यांना सांगितले आणि पुढे निवृत्तिवेतनही मिळवले.

सम्राटाच्या दरबारापर्यंत पोचलेली खरी कथा हवी असेल, तर ती रशियातल्या नादेज्दा दुरोवाची आहे. १८०६ मध्ये आपली वस्त्रे नदीकाठी टाकून, म्हणजे बुडाल्याचा देखावा करून, ती कोसॅक घोडेस्वारांबरोबर निघून गेली आणि पुढे घोडदळात भरती झाली. वडिलांच्या शोधाशोधीमुळे गोष्ट झार अलेक्सांद्र पहिला याच्या कानी गेली. त्याने १८०७ च्या अखेरीस तिला पीटर्सबर्गला बोलावून घेतले. घरी परत पाठवू नका, एवढीच तिची विनंती होती. झारने तिला पदक आणि अधिकाऱ्याचा दर्जा दिला आणि स्वतःच्या नावावरून अलेक्सांद्रोव हे आडनाव दिले. मालिकेत सम्राट फसतो. इथे सम्राटच गुपिताचा वाटेकरी झाला. घोडदळात कुठेतरी एक स्त्री आहे ही कुजबुज अधिकाऱ्यांत असे, आणि ती ऐकत दुरोवा त्यांच्याच टेबलाशी बसलेली असे.

वेषापेक्षा मला भाषेची पंचाईत मोठी वाटते. रशियनमध्ये मराठीसारखाच भूतकाळाच्या क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. पोर्तुगीजमध्ये ‘मी दमलो’ म्हणताना तेच विशेषणावरून कळते. अर्धवट झोपेत, तापात, गोळी लागल्याच्या क्षणी तोंडून ‘आले’ न निघता ‘आलो’च निघावे लागते. दुरोवाला त्याची इतकी सवय झाली, की सैन्य सोडल्यावर, येलाबुगा या गावी १८६६ मध्ये मरण येईपर्यंत, ती स्वतःविषयी ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलत राहिली.