कारखाना मेक्सिकोला चालला, ४०१ के काढून घराचं कर्ज फेडू का?

मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सजवळून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ५६. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १९ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. सप्टेंबरअखेर त्यांची लाइन मेक्सिकोला जाते आहे. सेव्हरन्स, म्हणजे काम सुटताना कंपनी देते ती रक्कम, २२,००० डॉलर मिळेल, ४०१ के मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्यात, २,९०,००० आहेत, घराचं कर्ज १,०८,००० उरलंय, व्याज ३.१ टक्के. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करतात. २०१८ मध्ये असाच कारखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या मित्राला सरकारकडून जवळपास दोन वर्षं पैसे मिळाले, कोर्सची फीही मिळाली. आपल्यालाही ते मिळेल, घरखर्च त्यावर भागेल, तेव्हा ४०१ के काढून कर्ज एकदाचं संपवावं का, हा त्यांचा प्रश्न. कंपनीनं सेव्हरन्सच्या कागदावर शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे.

नमस्कार. आधी सगळ्यात कटू गोष्ट सांगतो, कारण तुमचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. मित्राला मिळालेली मदत तुम्हाला मिळणार नाही. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स ही ती योजना. केनेडींच्या काळात, १९६२ च्या व्यापार कायद्यातून आली. परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांना बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत पैसे आणि प्रशिक्षणाचा खर्च मिळायचा. पन्नाशी ओलांडलेल्यानं कमी पगाराची नोकरी धरली, तर ठरावीक कमाईच्या आत असल्यास पगारातल्या तुटीचा निम्मा भागही सरकार द्यायचं, दोन वर्षांत १०,००० डॉलरपर्यंत. ती तरतूद अगदी तुमच्यासारख्यांसाठीच होती. पण काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नव्या कारखान्यांना मंजुरी देणं थांबलं. काम मेक्सिकोलाच जातंय हे कागदावर दाखवता येत असूनही तुमच्या हाती काही लागू नये, याचा मला मनापासून राग येतो. पण रागावर घरखर्चाचा हिशेब मांडता येत नाही.

आता कर्जाचं. तुम्ही लिहिलंय की वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर वाण्याची उधारी फेडताना त्यांची झालेली दशा तुम्ही पाहिलीत, म्हणून डोक्यावर कर्ज नको. हे मला पूर्ण समजतं. पण वाण्याची उधारी आणि ३.१ टक्क्यांचं स्थिर व्याजाचं गृहकर्ज यांत फार अंतर आहे. सप्टेंबरपर्यंतचा पगार, सेव्हरन्स, पत्नीची कमाई आणि डिसेंबरपर्यंतचा बेकारी भत्ता मिळून यंदाचं तुमचं उत्पन्न साधारण ८७,००० होतं. त्यावर ४०१ के मधून काढलेली रक्कम चढली की मोठा भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात जातो. हाती १,०८,००० यायला तुम्हाला सुमारे १,३२,००० काढावे लागतील. म्हणजे २४,००० च्या वर केंद्राचा करच गेला. आणि वाचणार काय? पहिल्या वर्षाचं व्याज, जेमतेम ३,३०० डॉलर. शिवाय घरात घातलेला पैसा जानेवारीत किराणा आणायला उपयोगी पडत नाही. नोकरी नसताना बँक घरावर नवं कर्जही सहजी देत नाही. त्यामुळे माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

४०१ के ला हात लावूच नका असं मात्र मी म्हणत नाही. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सुटली, तर त्याच कंपनीच्या ४०१ के मधून काढलेल्या पैशावर वेळेआधी काढल्याचा १० टक्के दंड लागत नाही. पण एखाद्या एजंटच्या सांगण्यावरून तो पैसा आयआरए या स्वतःच्या नावावरच्या निवृत्ती खात्यात हलवलात, तर साडेएकोणसाठ वर्षांपर्यंत ही सवलत गेली. म्हणून तूर्त पैसा आहे तिथेच राहू द्या. फक्त प्लॅन चालवणाऱ्यांना विचारून घ्या, थोडी थोडी रक्कम काढता येते का. काही प्लॅन सगळी एकदम काढायला लावतात.

मग घर कसं चालेल? मिशिगनमध्ये २०२६ साली बेकारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ५३० डॉलर, २६ आठवडे. तुमच्या पगारावर तो पूर्ण बसावा. काम सुटल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज करा आणि सेव्हरन्सची रक्कम लपवू नका, तिचा भत्त्यावर काय परिणाम होतो ते त्यांना ठरवू द्या. विम्याचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ४,२०० आहे. पत्नीचा पगार, भत्ता आणि कर जाऊन उरणारा सेव्हरन्स यांवर साधारण दहा महिने निघतात. तोवर काम मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी, उत्पन्न कमी असताना, ४०१ के मधून लागेल तेवढंच काढा. आरोग्य विम्याचंही गणित यातच आहे. कंपनीचा विमा कोब्रा या कायद्यातून १८ महिने चालू ठेवता येतो, पण सहसा सगळा हप्ता तुमच्या खिशातून जातो. मार्केटप्लेसच्या, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतलेल्या, विम्यावरची सूट वर्षाच्या उत्पन्नावर ठरते. १,३२,००० काढलेत तर तीही हातची जाईल. दोन्हींसाठी मुदत ६० दिवसांचीच असते.

प्रशिक्षणाचा एक रस्ता अजून उघडा आहे. मिशिगन वर्क्स या रोजगार केंद्राच्या कार्यालयात ‘डिस्लोकेटेड वर्कर’, म्हणजे कारखाना हलल्यानं काम गेलेला कामगार, म्हणून नाव नोंदवा. तिथून महिन्याचा पगार मिळत नाही, पण मंजूर कोर्सची फी मिळू शकते. पैसा मर्यादित असतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न पाहता सूचना हाती आल्याबरोबर जा. तुमच्या १९ वर्षांच्या मोजमापाच्या अनुभवाला जोड देणारा छोटा कोर्स घ्या. दोन वर्षांची पदवी या वयात मी सुचवणार नाही.

आणि शुक्रवारी सही करू नका. चाळिशीवरच्या कामगारांना गटानं कमी करताना, वयावरून झालेल्या भेदभावाची तक्रार सोडून द्यायला लावणाऱ्या कागदावर विचार करायला कायद्यानं ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. ते दिवस वापरा. सेव्हरन्स जानेवारीत देता येईल का, हे सहीच्या आधी लेखी विचारा. हो म्हणाले तर यंदाचा कर हलका होईल. कागद एखाद्या कामगार-कायद्याच्या वकिलाला दाखवा, आणि मग मला कळवा त्यात नेमकं काय लिहिलंय ते.